शेल वायूचा शोध आणि पर्यावरणाचे नियम: छाननी कोणत्या टप्प्यापासून व्हावी?

मृण्मयी

शेल वायूविषयी, म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात कोंडलेल्या नैसर्गिक वायूविषयी, मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात अमेरिकेचे उत्पादन कसे वाढले आणि आपल्याकडे किती साठा असावा, यांचीच चर्चा अधिक आढळते. या धाग्यात मला त्याहून लहान, पण माझ्या दृष्टीने अधिक तातडीच्या प्रश्नावर बोलायचे आहे. उत्पादन सुरू होण्याआधी, केवळ शोध घेतला जात असताना, पर्यावरणाचे नियम किती कडक असावेत? अनेक देशांच्या कायद्यांचा कल असा दिसतो, की शोध हे तात्पुरते आणि किरकोळ काम आहे, तेव्हा ते लवकर होऊ द्यावे आणि खरी छाननी उत्पादनाच्या वेळी करावी. नेहमीच्या तेल-वायूविहिरींच्या बाबतीत ही भूमिका काही अंशी समजण्यासारखी आहे. शेलच्या बाबतीत ती धोक्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या साठ्यात वायू वाळूखडकासारख्या सच्छिद्र खडकात असतो आणि विहीर तिथवर पोहोचली की तो आपल्या दाबानेच वर येतो. शेल खडकात मात्र तो अतिसूक्ष्म छिद्रांत कोंडलेला असतो आणि खडक फोडल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे येथून वायू मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठीच वाळू आणि रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडावा लागतो; यालाच फ्रॅकिंग म्हणतात. ज्या क्रियेचा धोका तपासायचा, ती क्रिया शोधाच्या टप्प्यातच होऊन जाते.

इंग्लंडमधील लँकेशायरचे उदाहरण मी जवळून अभ्यासले आहे. ब्लॅकपूलजवळच्या प्रीस हॉल येथे क्वाड्रिला कंपनीने जी विहीर घेतली, ती केवळ शोधविहीर होती आणि तिच्यातील वायू कधीही विकला गेला नाही. तेथे फ्रॅकिंग सुरू असताना १ एप्रिल २०११ रोजी २.३ आणि २७ मे रोजी १.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तपासणीत विहिरीच्या खोल भागातील पोलादी नळीचा आकार बदलल्याचे आढळले. परत वर आलेल्या पाण्यात नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्ये होती, आणि ते पाणी मँचेस्टरजवळच्या नेहमीच्या सांडपाणी केंद्रात प्रक्रिया करून कालव्यात सोडले गेले, कारण त्यासाठी वेगळा परवाना घेण्याची सक्ती तोवर नव्हती. एका शोधविहिरीने भूकंप, नळीची हानी आणि सांडपाणी हे तिन्ही प्रश्न समोर ठेवले.

तरीही युरोपीय संघाच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या निर्देशात हे मूल्यांकन सक्तीचे होण्यासाठी दिवसाला ५ लाख घनमीटर वायूच्या उत्पादनाची अट आहे. शोधविहीर त्या आकड्याजवळही जात नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये युरोपीय संसदेने शेल वायूच्या शोधालाही हे मूल्यांकन सक्तीचे करावे, असे मत दिले होते. सदस्य देशांच्या सरकारांशी झालेल्या वाटाघाटींत ती तरतूद गळाली आणि तिच्या जागी २२ जानेवारी २०१४ रोजी युरोपीय आयोगाची एक शिफारस आली. तिच्यातील तत्त्वे चांगली आहेत, पण शिफारस बंधनकारक नसते. फ्रान्सने जुलै २०११ मध्येच कायदा करून फ्रॅकिंगवर बंदी घातली होती, म्हणजे एकाच संघात एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला ऐच्छिक तत्त्वे, अशी स्थिती राहिली.

भारतातील नियमांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

केदार_बडोदा

मृण्मयीताई, विषय मांडल्याबद्दल आभार. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात आहे, आणि खंबात खोऱ्याचा शेल खडक आमच्यापासून फार दूर नाही, त्यामुळे हा विषय मी लक्ष ठेवून वाचत आलो आहे.

केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर २०१३ रोजी शेल वायू आणि तेलाचे धोरण जाहीर केले आणि ओएनजीसी व ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या क्षेत्रांत शोध घेण्याची मुभा दिली. पहिल्या टप्प्यात ओएनजीसीला ५० आणि ऑइल इंडियाला ६ क्षेत्रे होती, व ओएनजीसीच्या क्षेत्रांतील निम्म्याहून अधिक एकट्या खंबात खोऱ्यात होती. भरूच जिल्ह्यातील जंबुसर परिसरात त्याच वर्षी विहीर खोदण्याचे काम सुरू झाले. त्याआधी २०११ च्या जानेवारीत दुर्गापूरजवळ दामोदर खोऱ्यातील विहिरीत शेलमधून वायू मिळाला होता. २०१८ मध्ये खासगी कंत्राटदारांनाही त्यांच्या क्षेत्रांत अशा वायूचा शोध घेण्याची परवानगी मिळाली.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत तेल-वायूचा शोध, विकास आणि उत्पादन हे सारे 'अ' वर्गात होते, म्हणजे प्रस्ताव केंद्राकडे जात असे. १६ जानेवारी २०२० रोजी त्यात दुरुस्ती करून जमिनीवरील आणि समुद्रातील तेल, वायू व शेलचा शोध 'ब-२' वर्गात टाकण्यात आला. 'ब-२' वर्गातील प्रकल्पाला मूल्यांकन अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. विकास आणि उत्पादन मात्र 'अ' वर्गातच राहिले. म्हणजे आपण युरोपाविषयी जे लिहिले आहे तेच आपल्याकडे घडले, आणि आपल्याकडे तर आधी असलेली छाननी काढून टाकली गेली. अधिसूचनेत शेल हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला असल्यामुळे हे नजरचुकीने झाले असेही म्हणता येत नाही.

श्रीनिवास_

मी खोदकामाच्या क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो.

शोध घेतल्याशिवाय काहीच कळत नाही, ही गोष्ट धोरण ठरवताना विसरून चालणार नाही. पोलंडमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०११ मध्ये सुमारे ५.३ लाख कोटी घनमीटर वायू काढता येईल असा अंदाज दिला होता. पोलंडच्याच भूशास्त्र संस्थेने मार्च २०१२ मध्ये तो ३४,६०० कोटी ते ७६,८०० कोटी घनमीटरपर्यंत खाली आणला. त्यानंतर शोधविहिरींतून मिळालेले उत्तर इतके निराशाजनक होते, की एक्सॉनमोबिल २०१२ मध्ये आणि शेव्हरॉन २०१५ मध्ये तेथून निघून गेली. ज्या देशाला कोळशावरचे अवलंबन कमी करायचे आहे, त्याला हे उत्तर लवकर मिळणेच हिताचे असते. प्रत्येक शोधविहिरीला उत्पादन प्रकल्पाइतकीच मोठी प्रक्रिया लावली, तर आठ-दहा विहिरींनी मिळणारे उत्तर मिळवायला दशक जाईल.

दुसरा मुद्दा असा, की सर्व शोधविहिरी सारख्या नसतात. अनेकदा केवळ खडकाचे नमुने वर आणण्यासाठी विहीर घेतात. तिच्यात ना पाणी दाबाने सोडले जाते, ना सांडपाणी परत येते. अशा विहिरीचा धोका खोल बोअरवेलपेक्षा थोडाच अधिक असतो. तिलाही जनसुनावणी लावणे मला तरी पटत नाही.

तिसरा मुद्दा. भूजल दूषित होते ते दोन-तीन किलोमीटर खोल खडकात पडलेल्या भेगा वरपर्यंत येऊन, असा लोकांचा समज असतो. तसे होण्याची शक्यता फार कमी असते. खरी कच्ची जागा असते ती विहिरीच्या वरच्या काही शे मीटरांत, केसिंग (विहिरीत बसवलेली पोलादी नळी) आणि भोवतालचा खडक यांच्यामधील सिमेंटमध्ये. केसिंग भोकाच्या बरोबर मध्यभागी बसली नाही, तर अरुंद बाजूला खोदकामात वापरलेला चिखल तसाच राहतो आणि तेथे सिमेंट धरत नाही. त्या फटीतून वायू वर्षानुवर्षे हळूहळू वर येऊ शकतो. सिमेंट वरपर्यंत पोहोचले का आणि ते खडकाला धरून बसले का, हे ध्वनिलहरींच्या चाचणीतून तपासता येते. नियमांनी या चाचणीवर आणि ती त्रयस्थ तपासनिसाने पाहण्यावर भर दिला, तर कागदी अहवालांपेक्षा अधिक रक्षण होईल.

मृण्मयी

श्रीनिवासराव, आपला दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके होते. सीमारेषा शोध आणि उत्पादन यांच्यामध्ये आखणेच चुकीचे आहे. ती खडक फोडण्याच्या क्रियेवर आखली पाहिजे. ज्या विहिरीत दाबाने पाणी सोडायचे आहे, ती शोधविहीर असो की उत्पादनविहीर, तिला संपूर्ण छाननी लागू व्हावी. केवळ नमुने घेण्याच्या विहिरीला सोपी प्रक्रिया असावी, पण तीच विहीर पुढे फोडायची ठरली तर नव्याने परवानगी घ्यावी लागावी.

हे करताना आकड्यांची मेख सांभाळावी लागते. ब्रिटनच्या २०१५ च्या पायाभूत सुविधा कायद्याने जमिनीखाली १,००० मीटरपेक्षा कमी खोलीवर फ्रॅकिंगला मनाई केली आणि काम सुरू होण्याआधी भूजलातील मिथेनचे १२ महिने मोजमाप सक्तीचे केले. या दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. पण कायद्याने फ्रॅकिंगची व्याख्या करताना प्रत्येक टप्प्याला १,००० घनमीटर किंवा एकूण १०,००० घनमीटर पाण्याहून अधिक वापर, अशी अट घातली. भूकंप घडवणाऱ्या प्रीस हॉलच्या विहिरीत एकूण सुमारे ८,४०० घनमीटर पाणी गेले होते, म्हणजे ती विहीर एकूण पाण्याच्या मर्यादेखालीच राहिली असती. ज्या अपघातातून नियम जन्माला आला, त्यालाच एकूण पाण्याच्या मर्यादेने गाठू नये, ही मसुद्यातली गंभीर त्रुटी आहे.

आपल्या तिसऱ्या मुद्द्याबाबत सहमत आहे, एवढीच पुस्ती जोडते, की सिमेंटची चाचणी फोडण्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा व्हावी. प्रीस हॉलमधील नळी काम सुरू झाल्यानंतरच वाकली.

कराडकर

भूकंपाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट विसरलेला माणूस जुन्या पिढीत मिळणार नाही. कोयनेचा तो भूकंप ६.३ तीव्रतेचा होता, आणि शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर तेथे धक्के वाढत गेले, हे आज जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी मान्य केले आहे. जलाशयाचे प्रकरण फ्रॅकिंगपेक्षा वेगळे आहे, पण मूळ यंत्रणा एकच असते. ताणाखाली असलेल्या जुन्या प्रस्तरभंगात, म्हणजे खडकाच्या मोठ्या भेगेत, पाण्याचा दाब पोहोचला, की दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे घर्षण कमी होते आणि प्रस्तर सरकतो.

अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या लष्करी रसायन कारखान्याने १९६२ पासून सांडपाणी सुमारे ३.७ किलोमीटर खोल विहिरीत सोडायला सुरुवात केली. धक्के बसू लागल्यावर फेब्रुवारी १९६६ मध्ये काम थांबवले गेले. तेथील सर्वांत मोठे धक्के मात्र १९६७ मध्ये, म्हणजे पंप बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर बसले. हे सांगण्याचे कारण असे, की धक्का बसला की काम थांबवू, या पद्धतीला मर्यादा आहे. दाब खडकात पसरत राहतो.

ब्रिटनमध्ये याच पद्धतीला सिग्नलच्या दिव्यांचे नाव दिले आहे ना? तिचे पुढे काय झाले, हे ताईंनी सांगावे. भरूचलाही २३ मार्च १९७० रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला होता, तेव्हा जंबुसरच्या संदर्भात हा प्रश्न दूरचा नाही.

मृण्मयी

होय, तीच पद्धत. ०.५ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला की लाल दिवा लागतो, आणि किमान १८ तास पाणी सोडणे बंद ठेवावे लागते. इतका लहान धक्का माणसाला जाणवतही नाही, आणि उद्योगाची तक्रार होती की ही मर्यादा फार कडक आहे. प्रीस हॉलनंतर काही वर्षांनी त्याच कंपनीने प्रेस्टन न्यू रोड येथे दोन विहिरी घेतल्या. लँकेशायर काउंटी कौन्सिलने जून २०१५ मध्ये परवानगी नाकारली होती, ती ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनमधील मंत्र्यांनी दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये काम सुरू झाले आणि लाल दिव्यामुळे ते पुन्हा पुन्हा थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या विहिरीत काम चालू असताना २३ तारखेला पाणी सोडणे थांबवले गेले, आणि २६ तारखेच्या सकाळी २.९ तीव्रतेचा धक्का बसला. कराडकर म्हणतात तेच येथे घडले.

त्यानंतर ब्रिटनच्या तेल-वायू नियामक संस्थेने दिलेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: धक्के किती होतील आणि किती मोठे होतील, हे आजच्या ज्ञानाच्या आधारे पुरेशा अचूकपणे आधी सांगता येत नाही. २ नोव्हेंबर २०१९ रोजी इंग्लंडमध्ये फ्रॅकिंगला स्थगिती मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती उठवण्यात आली आणि पंतप्रधान बदलताच ऑक्टोबरमध्ये पुन्हा लागू झाली.

दिव्यांची पद्धत निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ती हवीच, पण तिच्या आधी प्रस्तरभंगांचे त्रिमितीय सर्वेक्षण हवे, आणि जेथे मोठा प्रस्तरभंग जवळ असेल तेथे विहिरीला परवानगीच मिळू नये.

नीलांबरी

मी पेनसिल्वेनियात पिट्सबर्गजवळ राहते. येथील अनुभवावरून सांडपाण्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण भूकंपापेक्षा तो प्रश्न अधिक रोजचा आहे.

मार्सेलस या येथील शेल खडकाच्या थरातून परत येणारे पाणी समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट असते आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि रेडियम असते. सुरुवातीच्या वर्षांत ते शहरांच्या सांडपाणी केंद्रांकडे जात होते. ती केंद्रे मैल्यासाठी बांधलेली असतात, विरघळलेले क्षार त्यांच्यातून जसेच्या तसे नदीत जातात. ब्रोमाइडचे दुष्परिणाम तर आणखी खाली, पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात दिसतात, कारण क्लोरीन घातल्यावर त्यातून आरोग्याला घातक संयुगे तयार होतात. मे २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना हे थांबवण्यास सांगितले, आणि २०१६ मध्ये संघीय नियमानेच त्याला मनाई झाली.

मग ते पाणी टँकरने शेजारच्या ओहायो राज्यातील खोल विहिरींत जाऊ लागले. ३१ डिसेंबर २०११ रोजी यंग्जटाउन येथे अशाच एका विहिरीजवळ सुमारे ४ तीव्रतेचा भूकंप झाला. एका राज्याने नदी वाचवली आणि धोका दुसऱ्या राज्याच्या जमिनीखाली गेला. म्हणून शोधविहिरीच्या परवानगीतच परत येणाऱ्या पाण्याचा शेवटचा ठिकाणा लिहिलेला असावा. 'नियमानुसार विल्हेवाट लावली जाईल' हे वाक्य स्वीकारले जाऊ नये.

येथील २०१२ च्या कायद्यात एक तरतूद मात्र खरोखर अनुकरणीय आहे. शेल विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत कोणाच्या विहिरीचे पाणी बिघडले, तर ते कंपनीमुळेच बिघडले असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि त्यासाठी तिला खोदकामाआधीचे पाणी तपासलेले असावे लागते. त्यामुळे कंपन्या स्वतःहून आधी घरोघरी जाऊन नमुने घेतात. शेतकऱ्याने प्रयोगशाळा शोधायची, पैसे भरायचे आणि मग न्यायालयात भूशास्त्र सिद्ध करायचे, ही अशक्य अपेक्षा यातून टळते.

श्रीनिवास_

नीलांबरीताईंनी सांगितलेली तरतूद चांगल्या कंपनीलाही सोयीची आहे, हे मी या क्षेत्रातील माणूस म्हणून सांगतो. आधीची नोंद नसेल, तर निर्दोष कंपनीलाही आपली बाजू दाखवता येत नाही. पेनसिल्वेनियातच अनेक भागांत उथळ थरांतला मिथेन विहिरींच्या पाण्यात पूर्वापार आहे.

केदार_बडोदा

हे सारे आपल्याकडे कसे बसवायचे, याचा मी विचार करत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात अपघाताच्या प्रकरणी दोष सिद्ध न करताही भरपाईची जबाबदारी लादता येते. पण पाणी दोन वर्षांत हळूहळू बिघडले, तर त्याला अपघात म्हणायचे का, आणि कारणसंबंध कोणी दाखवायचा, हा प्रश्न उरतोच. मे २०२० मध्ये आसामात बाघजान येथील वायूविहिरीचा स्फोट झाला, पुढे आग लागली आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. ती विहीर शेलची नव्हती, पण मागुरी-मोटापुंग बील या तेथील पाणथळ जागेच्या काठच्या लोकांचे जे नुकसान झाले ते सर्वांना दिसत होते. भूजलाचे नुकसान कोणालाच दिसत नाही, म्हणून तेथे आधीच्या नोंदीचे महत्त्व दुपटीने वाढते.

जंबुसरची आणखी एक अडचण आहे. तेथे गंधारसारख्या जुन्या तेलक्षेत्रांच्या विहिरी आजूबाजूला आहेत, त्यामुळे नव्या विहिरीतील दाब एखाद्या जुन्या, नीट न बुजवलेल्या विहिरीतून वाट काढू शकतो. शिवाय खंबातच्या आखाताची जवळीक असल्याने भूजल आधीच खारट आहे. उद्या एखाद्या गावाने पाणी खारट झाल्याची तक्रार केली, तर समुद्राकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे ठरेल. अशा ठिकाणी आधीच्या तपासणीत नेमके काय मोजावे?

मृण्मयी

केदार, प्रश्न अगदी योग्य आहे, कारण नेहमीच्या पाणी तपासणीत क्षार, क्लोराइड आणि कठीणपणा एवढेच पाहतात, आणि किनाऱ्यालगत त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

क्लोराइडसोबत ब्रोमाइड मोजावे. समुद्राच्या पाण्यात या दोहोंचे प्रमाण ठरलेले असते. खोल खडकातल्या पाण्यात ते बहुधा निराळे असते, त्यामुळे खारटपणा कोठून आला याचा माग लागतो. बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि रेडियम यांची नोंद घ्यावी. विरघळलेला मिथेन मोजताना त्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाणही पाहावे, कारण दलदलीतील जिवाणूंनी तयार केलेला मिथेन आणि खोल खडकात उष्णतेने तयार झालेला मिथेन यांत त्यावरून फरक करता येतो. सोबत ईथेन आढळला तर वायू खोलातून आल्याची शक्यता वाढते. मिथेनचा नमुना उघड्या बाटलीत घेऊ नये, नळी पाण्याखाली बुडवून बाटली भरावी, अन्यथा वायू उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो.

हे मोजमाप पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर असे किमान एक पूर्ण वर्ष चालावे, कारण किनाऱ्यावर पाण्याची पातळी आणि खारटपणा ऋतूनुसार बदलतो. परिसरातील जुन्या तेलविहिरींची यादी, त्यांची खोली आणि त्या कशा बुजवल्या याची माहितीही त्याच अहवालात असावी. नमुने कंपनीने न घेता केंद्रीय भूजल मंडळाने किंवा एखाद्या विद्यापीठाने घ्यावेत, खर्च कंपनीकडून घ्यावा, आणि प्रत्येक विहिरीचा निकाल तिच्या मालकाला गुजरातीत लिहून द्यावा, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. आज 'ब-२' वर्गातील शोधविहिरीला यापैकी काहीही करण्याआधी गावासमोर उभे राहावे लागत नाही, म्हणून अधिसूचनेतील मागणी मी एका वाक्यात मांडते: ज्या विहिरीत खडक फोडण्यासाठी दाबाने पाणी सोडले जाणार आहे, ती शोधाची असली तरी 'अ' वर्गात घ्यावी.

केदार_बडोदा

ही मोजमापांची यादी आणि शेवटचे वाक्य मी मंत्रालयाला पाठवायच्या निवेदनात घालतो. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकेन. श्रीनिवासरावांनी सिमेंटच्या चाचणीचा परिच्छेद लिहून दिला तर बरे होईल.

श्रीनिवास_

लिहून देतो. त्यात फोडण्याच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही चाचण्या घालतो, आणि नमुना विहिरींना त्यातून वगळण्याचे कलमही जोडतो.